मागचे दोन बोल्ट

जोतीराम मिस्त्रीचा हात भाजल्याचा वास आधी मला आला, त्याला नाही. होटगी रोडवरच्या त्याच्या पत्र्याच्या शेडात मी माझ्या जुन्या गाडीचं काम करून घ्यायला गेलो होतो. इंजिन अर्धा तास चालू ठेवलेलं. जोतीराम खाली बसून सायलेन्सरची नळी धरून होता आणि पुतण्याच्या लग्नातली आमटी किती पाणचट होती ते मला सांगत होता. मी ओरडलो तेव्हा त्याने हात काढला. तळव्याचं कातडं नळीवरच राहिलं होतं. त्याने तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, हे सोनीला सांगायचं न्हाय."

सोनी म्हणजे सोनाबाई, त्याची बायको. भाऊसाहेब म्हणजे मी, एकनाथ. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि आता जुळे सोलापुरात फ्लॅटच्या गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्या घरचं मत आहे आणि ते खरं आहे. पण हे एवढं मात्र दोन वर्षं पोटात राहिलं. राहायला नको होतं असं आता वाटतं.

रक्तातल्या साखरेने जोतीरामचा घात केला होता. आधी पाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळायचं नाही. दोनदा तो मंगळवार बाजारातून एका चपलेने घरी गेला आणि विसराळूपणाचं सोंग आणून मोकळा झाला. मग बोटं गेली. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, आणि गेलेलं परत येईलच असं नाही, हेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य जोतीरामने कधी ऐकलंच नाही. गोळ्या तो शेडातल्या नटांच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे घरी कुणाच्या हाती लागायला नकोत.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. त्याला जोतीराम काय चीज होता ते माहीत नाही. सोलापुरात मिस्त्री पैशाला पासरी. पण गंजून जाम झालेला बोल्ट, तोही इंजिनाच्या मागे, जिथे डोळा पोचत नाही आणि पाना जेमतेम शिरतो, तिथे बाकीचे हात टेकायचे आणि म्हणायचे, जोतीरामला बोलवा. तो डोळे मिटायचा, हात आत घालायचा आणि माणसाशी बोलावं तसं बोल्टाशी बोलत राहायचा. त्याचा एक नियम होता: सोडवायचा बोल्ट आधी केसभर कसायचा, मग सोडायचा. आणि दुसरा त्याहून मोठा. बोल्ट सुटणार असेल तर हाताला कट् असं लागतं. तुटणार असेल तर त्याआधी तो मऊ लागतो. मऊ लागला की थांबायचं. हे मऊ लागणं कुठल्याही पुस्तकात नाही. ते बोटांच्या पेरांत असतं, आणि जोतीरामची तीच पेरं गेली होती.

मे महिन्यात त्याच्या मेहुण्याचा, कुंडलिकचा, फोन आला. कुंडलिकचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. पलीकडे इंदापूर. लाँचने गेलं तर पाऊण तास, रस्त्याने वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस. कुंडलिक ती लाँच चालवतो. लोखंडी पत्र्याची, चाळीस माणसं आणि आठ-दहा मोटारसायकली घेणारी. आठ वर्षांपूर्वी तिच्यात जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवून दिलं ते जोतीरामनेच, मेहुण्यासाठी म्हणून.

आता त्या इंजिनाचा धूर बाहेर जायच्या ऐवजी छताखाली कोंडायला लागला होता. धुराच्या नळ्या जिथे इंजिनाला जोडतात तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं. बायकांना ओकाऱ्या झाल्या, एक म्हातारी चक्कर येऊन पडली. तपासनीस आले आणि लाँच बंद करून गेले. सोमवारी अकरा वाजता परत येणार होते. तोवर दुरुस्त झाली तर ठीक, नाही तर परवाना दुसऱ्याला.

"दाजी, तुमीच या," कुंडलिक म्हणाला. "इथलं दोन मिस्त्री हात लावून गेलं. मागं हातच जात न्हाय म्हणत्यात."

गाडी मी काढली. जोतीरामने मोटारसायकल सोडून वर्ष झालं होतं. क्लच किती दाबला ते त्याला कळत नव्हतं, आणि लोकांना तो डोळ्याला उन्हाचा त्रास होतो म्हणून सांगायचा. माहेरी जायला मिळतं म्हणून सोनाबाईही निघाली, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन. दोघं विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत राहणारी; ती तीस वर्षं विड्या वळणारी. टेंभुर्णीपर्यंत मागच्या सीटवर ती खिडकीबाहेर बघत होती आणि बोटं सुपात चालूच होती.

टेंभुर्णीला ती पाण्याच्या बाटल्या आणायला उतरली तेव्हा जोतीराम समोर बघत म्हणाला, "भाऊसाहेब, एक ठरवून आलोय. त्ये बोल्ट निगालं की मी अजून हाय. न्हाय निगालं, की शेड बंद. मग सोनीला सांगून टाकतो."

मी म्हणालो, "आत्ताच सांग आणि परत फिरू. मेहुणा काय तुला फाशी देणार आहे?"

"तुमाला न्हाय कळायचं," तो म्हणाला. मला राग आला. लोकांनी मला हे वाक्य फार वेळा ऐकवलं आहे.

शनिवारी दहा वाजता आम्ही काठावर पोचलो. पाणी खूप आत गेलं होतं. चिखल वाळून भेगाळलेला, आणि त्याच्या टोकाला लाँच. तिच्या पोटात उतरलो तर भाकरीचा तवा बरा. इंजिनाची डावी बाजू आणि लाँचचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. धुराच्या नळ्या त्याच बाजूला, आणि त्यांना धरणारे आठ बोल्ट. पुढचे सहा वाकून दिसत होते. मागचे दोन पाण्याच्या नळीमागे गेलेले, आरशातही न दिसणारे. मी कुंडलिकचा दाढीचा आरसा आणि बॅटरी धरून बसलो. नोकरीत मी याहून उपयोगाचं काम फारसं केलेलं नाही.

सहा बोल्ट दुपारी तीनपर्यंत निघाले. जोतीरामने प्रत्येकाला गॅसच्या ज्योतीने तापवलं, तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि गंज सोडवतं. मग केसभर कसायचं आणि सोडायचं. दिसणारे बोल्ट तो डोळ्यांनी काढत होता. पान्यावर पांढरी रेघ मारून ती किती सरकते ते बघत होता. मला ते कळलं आणि कुंडलिकला कळू नये म्हणून मी उगाच बडबड करत राहिलो.

सहावा बोल्ट त्याने उजेडात धरला. मुंडीवर पांढरट थर, खाली लाल गंजाचे ओघळ, आणि त्या थरात काथ्याचे दोन धागे. त्याने वर पाहिलं. ओघळ इंजिनाच्या एका कोपऱ्यावरून खाली आले होते. तिथे लोखंड चेचून चकचकीत झालं होतं.

"कुंडलिकराव, हितं काय आपटता?"

"नारळ की," कुंडलिक म्हणाला. "दर आमुशाला. एक आमुशा चुकवली न्हाय. तुमीच सांगितलं हुतं दाजी, इंजन बसवलं त्या दिवशी. फोडायचा तर ह्या कोपऱ्यावरच फोडा, दुसरीकडं वायरा भिजत्यात म्हणून."

आठ वर्षं दर अमावास्येला फुटलेल्या नारळाचं गोड पाणी त्या कोपऱ्यावरून थेट मागच्या बोल्टांवर उतरलं होतं. जागा जावयाने दाखवलेली, तीही मिस्त्री असलेल्या जावयाने, मग ती कोण बदलणार? जोतीराम आधी हसला. मग डोक्याला हात लावून खालच्या फळीवर बसला.

"माझंच हाय हे," तो म्हणाला, आणि सातव्या बोल्टासाठी हात आत घातला.

पुढचा दीड तास मला आठवायला नको वाटतो. त्याने डोळे मिटले होते, पूर्वीसारखे. खांदा इंजिनाला चेपून, मान वाकडी करून तो पाना मुंडीवर बसवायला बघत होता. पाना बसला की नाही हे त्याला कळत नव्हतं. तो कानाने अंदाज घ्यायचा, पान्याने टकटक करून. "बसला," म्हणायचा आणि ओढायचा, आणि पाना घसरायचा. दर वेळी मुंडीचा एक कंगोरा झिजत असणार. मुंडी पुरती गोल झाली की मग पाना धरणारच नाही. मी म्हणालो, "जोतीराम, बस कर." त्याने ऐकलं नाही. घाम नाकावरून ओघळत होता आणि तो पुटपुटत होता, "ये की. ये की माझ्या बाबा." पूर्वी तो बोल्टांशी बोलायचा तेव्हा त्यात लाड असायचा. आता तो भीक मागत होता.

पाना पाचव्यांदा घसरला तेव्हा हात कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. त्याने लगेच पाना परत लावला. मी बॅटरी खाली धरली तर लाँचच्या तळाशी साचलेल्या डिझेलवर लाल रेघा पसरत होत्या.

"दाजी, रगात," कुंडलिक म्हणाला.

जोतीरामने हात बाहेर काढला आणि डावा हात पुसला. कापला होता उजवा. करंगळीपासून मनगटापर्यंत पत्र्याने चिरला होता, आणि तो धडधाकट हात पुसत होता. नेमकी त्याच वेळी सोनाबाई चहाची किटली घेऊन शिडीवर उभी होती. तिने ते पाहिलं. किटली ठेवली, कुंडलिकच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि नवऱ्याचा कापलेला हात घट्ट बांधला.

"लागलं न्हाय मला," जोतीराम म्हणाला.

"दिसतंय की," ती म्हणाली. त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

रविवारी सकाळी सातला तो परत आत उतरला, बांधलेल्या हाताने. मी त्याला थांबवू शकलो नाही. मी आयुष्यात कुणालाच थांबवू शकलेलो नाही, फक्त नंतर शेरा मारतो. सोनाबाई काठावर सूप घेऊन बसली होती. अर्ध्या तासात पाना तीनदा घसरलेला तिने वरून ऐकला. मग तिने सूप बाजूला ठेवलं, पाण्यात हात खसखसून धुतले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि पदर खोचून खाली आली.

"सरका," ती म्हणाली.

"आक्का, तू कशाला?" कुंडलिक म्हणाला.

"माझा हात बारीक हाय. सरका म्हणते न्हवं."

जोतीराम सरकला नाही. "हे विड्या वळण्याचं काम न्हाय, सोने. बोल्ट तुटला तर इंजनाचं अर्धं धड उतरवून सोलापूरला न्यावं लागंल. उद्याची तपासणी गेली."

"मग तुमी तरी कुटं काढताय?"

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं तो हात उगारतो की काय. पण तो बाजूला झाला. तिने हात आत घातला, कोपरापर्यंत सहज गेला. ती वर छताकडे बघत होती आणि आत बोटं चालत होती.

"हितं हाय. सहा कोपऱ्याचा. दोन कोपरं झिजल्यात, चार शाबूत. खालच्या अंगाला गंजाचा पापुद्रा हाय, म्हणून पाना पुरता बसंना." तिने नखाने पापुद्रा काढला, पाना मागून घेतला, एकदा फिरवून बसवला. "बसला." मग ती थांबली आणि त्याच्याकडे वळून साधेपणाने म्हणाली, "एवढं ढळढळीत हाताला लागतंय. तुमाला कसं लागंना?"

लाँचच्या पोटात आम्ही चौघे होतो. पाणी पत्र्यावर हलकेच आपटत होतं. जोतीराम माझ्याकडे बघायला लागला. मी कुंडलिकच्या आरशात बघितलं.

"मला कळंना झालंय," तो म्हणाला. "बोटात. दोन वरसं झाली. गरम न्हाय, गार न्हाय, काय न्हाय."

सोनाबाईचा हात आतच होता. ती तो बाहेर काढेल, रडेल, निदान मला तरी दोन शब्द सुनावेल, असं मला वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने आतल्या आत पाना पुन्हा चाचपून पाहिला.

"बरं," ती म्हणाली. "आता सांगा, कुटल्या अंगाला वडायचं."

मग त्यांनी तो बोल्ट जसा काढला, तसा बोल्ट निघताना मी कधी पाहिला नाही. पान्याच्या दांडीला जोतीरामने पाइप लावला आणि जोर त्याचा. तिचं बोट मुंडीवर, एक पान्यावर. तो केसभर ओढायचा आणि विचारायचा, "काय?" ती म्हणायची, "पाना हालतोय, बोल्ट न्हाय." तो थांबायचा. तापवायचं, मेण लावायचं, निवेपर्यंत थांबायचं, पुन्हा तिचा हात आत. अकराच्या सुमारास ती म्हणाली, "आता दोनी संगं फिरत्यात," आणि सातवा सुटला. कुंडलिकने हात जोडले.

आठवा वाईट होता. जोतीरामने ओढलं आणि ती एकदम म्हणाली, "थांबा. भिजलेलं पान वळतं तसं वळतंय. सरकंना."

त्याने पाइप सोडून दिला. "मऊ?"

"व्हय. मऊ."

तीस वर्षं मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकत आलो होतो. तो बोल्ट तुटायच्या बेतात होता आणि हे त्याला तिने सांगितलं. त्याने उलट कसायला लावलं, पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. तिचा हात पोळला होता, तिने तो पाण्यात बुडवला आणि परत घातला. तिला पोळत होतं हे ती बोलली नाही, पण तोंडावर दिसत होतं, आणि जोतीराम ते टक लावून बघत होता. आठवा बोल्ट दुपारी दीडला निघाला. शेवटचे आटे तिने बोटांनीच फिरवले आणि बोल्ट त्याच्या हातात ठेवला. त्याने तो मुठीत धरला, मग मूठ उघडून आत आहे ना ते बघितलं.

नवं पॅकिंग बसलं, नवे बोल्ट बसले, मागचे दोन तिनेच लावले. सोमवारी तपासणीत लाँच पास झाली हे इथेच सांगून टाकतो. होटगी रोडच्या शेडाला महिनाभरात कुलूप लागलं हेही सांगतो. आणि त्याच रविवारी दुपारी इंजिन सुरू होताच काठावर जमलेली माणसं "दाजींचा हातगुण" म्हणायला लागली तेव्हा जोतीराम मोठ्याने म्हणाला, "मी न्हाय काढला. हिनं काढला." लोक हसले. नवरा बायकोचं कौतुक करतोय असं त्यांना वाटलं.

चारच्या सुमारास कुंडलिकने लाँच चाचणीसाठी मध्यापर्यंत नेली. छताखाली धुराचा मागमूस नव्हता. सगळा धूर मागच्या नळीतून पाण्यावर जात होता. दोघं नवरा-बायको पुढे फळीवर बसले होते आणि मी त्यांच्या मागे. सोनाबाईने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला, टॉवेलाची गाठ सोडून जखम पाहिली आणि परत बांधली. मग म्हणाली, "तिकडं बघा. इंदापूरकडं."

त्याने मान वळवली. तिने त्याच्या तर्जनीचं टोक नखाने दाबलं.

"कळतंय?"

"न्हाय."

मधलं बोट. "न्हाय." अनामिका. "न्हाय." नख उमटेपर्यंत ती दाबत होती. तो पलीकडच्या काठाकडे बघत होता आणि त्याचा आवाज एकसारखा होता. करंगळी टॉवेलात होती, ती तिने सोडली. मग अंगठा. "न्हाय." मग डावा हात घेतला, करंगळीपासून सुरू केलं. एकेक बोट झालं. मला उठून लांब जायचं होतं, पण लाँचमध्ये लांब जाणार कुठे?

शेवटी डावा अंगठा राहिला. सोनाबाईने हात थांबवला. तिची पोळलेली बोटं तिच्या मांडीवरच होती.

"व्हय," जोतीराम इंदापूरकडे बघत म्हणाला. "हे कळतंय."

तिने अजून अंगठ्याला हात लावला नव्हता. ती मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि मग तिने तो अंगठा आपल्या मुठीत धरला.